मधल्या धारेत एचडी

आमच्या अप्पांच्या पिंडाला कावळा शिवला तो ‘एचडी’ या शब्दावर.

तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा. मला तेव्हा आलं नव्हतं. मी गोदावरीच्या घाटावर उपाशीपोटी उभा राहून कावळ्याची वाट बघत होतो. (पोटातले कावळे केव्हाच हजर झाले होते, बाहेरचे यायचे होते!)

अप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. तीर्थपुरीहून नदीकडे उतरत गेलं की काठावर आमचं गाव लागतं. खालच्या बाजूला बंधारा झाला, पाणी फुगलं, आणि अप्पांची मोसंबीची बाग होती तिथेच राहिली, पण तिच्या चारी बाजूंनी नदी आली. बागेचं बेट झालं. मग अप्पांनी एक पत्र्याची नाव घेतली आणि ती वल्हवायला गावातल्या सत्तारचाचांना सोबत घेऊन ते रोज बागेत जाऊ लागले. पुढे पुढे तर दिवसच्या दिवस नावेत. घरी फक्त जेवायला आणि काकूशी भांडायला यायचे.

दिवाळी झाली आणि अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. ते आपल्या पायांनी गाडीत बसून जालन्याला गेले आणि परत आले ते आडवे. मधे काय झालं ते डॉक्टरांनी विलासला इंग्रजीत सांगितलं. विलास म्हणजे अप्पांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत असतो. त्याला ते इंग्रजी समजलंसुद्धा. पण रडला तो मराठीतच, आणि लहान मुलासारखा रडला.

तर दहाव्याला सगळी भावकी घाटावर जमली. गुरुजींनी पिंड मांडला. आम्ही मागे सरलो. समोरच्या बाभळीवर कावळ्यांची ही गर्दी! पण एक जागचा हलेल तर शपथ. पिंडाकडे बघायचे, एकमेकांशी काहीतरी बोलायचे आणि पुन्हा चोची पुसत बसायचे.

“इच्छा राह्यली,” जगनतात्या म्हणाले. तात्या आमच्या भावकीतले सगळ्यांत वडील. लग्न असो की मयत, काय चालतं आणि काय चालत नाही हे तेच ठरवतात. “विलास, पुढं हो. बोल बापाशी.”

विलासने हात जोडले. “अप्पा, बाग विकणार न्हाई मी.”

कावळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. (ते विलासला लहानपणापासून ओळखत असावेत.)

“आईला पुण्याला घेऊन जातो, अप्पा.”

एक कावळा उडून चक्क नदीपलीकडे निघून गेला.

मग स्वतः तात्या पुढे झाले. घसा खाकरला. “बांधावरच्या लिंबाच्या फांदीचं आपलं भांडण झाल्तं. चूक माझी होती.” भावकीत एकदम कुजबुज झाली, कारण तात्यांची चूक आजवर कुणी ऐकली नव्हती. कावळ्यांना तिचं काही वाटलं नाही. सत्तारचाचा डोळे पुसत म्हणाले, “भाई, नाव की फिकर नक्को करो. मैं हूं ना.” त्यावर एक कावळा खालच्या फांदीवर उतरला. सगळ्यांनी श्वास रोखले. त्याने मान खाजवली आणि तो तिथेच बसला.

“सरूकाकू, तुम्ही बोला,” कुणीतरी बायकांच्या बाजूला म्हणालं. काकू पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तिचं लक्ष कावळ्याकडे नव्हतंच. ती काठाला बांधलेल्या नावेकडे बघत होती. तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

गुरुजी चुळबुळ करायला लागले. त्यांना पुढच्या गावात आणखी एक दहावा होता. “दर्भाचा कावळा करून शिववू या का?”

“एवढे खरे बसलेले असताना गवताचा?” तात्या कडाडले. “मास्तर, तू राह्यला. बोल काहीतरी.”

मास्तर म्हणजे मी. मी कुंभार पिंपळगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे आमच्या खानदानातला बिघडलेला पंखा, फुगलेला मोबाइल, शॉक देणारी शेगडी, सगळं माझ्याकडे येतं. अप्पा तर गेल्या काही महिन्यांत भेटतील तिथे एकच प्रश्न विचारायचे. “मास्तर, नावंवर टीव्ही लागतो का रं?” मी म्हणायचो, “अप्पा, नावेत बसून कोण टीव्ही बघतं?” ते म्हणायचे, “ते सोड. लागतो का तेवढं सांग.” मग मी “बघू” म्हणायचो. (आमच्या घराण्यात ‘नाही’ला ‘बघू’ म्हणतात.)

तर ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात आग पडली होती, गुरुजी निघायच्या बेतात होते. मी वैतागून हात जोडले आणि म्हणालो, “अप्पा, नावेवर टीव्ही लावून देतो. साधासुधा नाही, एचडी!”

माझं तोंड मिटायच्या आत कावळा पिंडावर होता.

नुसता शिवला नाही. बसला, भाताची दोन ढेकळं खाल्ली, वडा चोचीत धरला आणि बाकीच्यांनाही हाक मारली. “शिवला! शिवला!” एकच गलका झाला. बायका रडायला लागल्या. विलासने मला मिठी मारली. मला क्षणभर वाटलं, एवढ्या भावकीत अप्पांचं मन ओळखणारा मी एकटाच निघालो. तेवढ्यात तात्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

“मास्तर, आता लाव.”

“काय?”

“टीव्ही. तेराव्याच्या आत.”

मी हसून वेळ मारून नेणार होतो. पण काकू बायकांमधून पुढे आली आणि दहाव्याच्या त्या घाटावर पहिल्यांदाच बोलली. “नावंत टीव्ही लागल्याबिगर म्या अन्नाला शिवणार न्हाई.” एवढं बोलून ती घराकडे चालू लागली.

इथे सगळ्यांची हवा गेली. काकूला साखरेचा आजार आहे आणि ती रोज इंजेक्शनवर आहे. माझी बायको सुनीता आमचं घर सोडून तिच्याकडेच मुक्काम करून तिचं सगळं करत होती. तिने मला बाजूला घेतलं. “इंजेक्शन द्यावं आणि जेवल्या नाहीत तर साखर एकदम खाली जाईल. नाही दिलं तर वर जाईल. दोन्हीकडून मरण आहे. तुम्हाला गप्प बसायला काय झालं होतं?”

मला खरंच काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. मी म्हणालो, “सोपं आहे. विलासच्या मोबाइलवर लावू, मोबाइल नावेत नेऊ. झालं!” मी, विलास आणि सत्तारचाचा नावेत बसून मधल्या धारेपर्यंत गेलो. तिथे रेंज एक काडी होती. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. आम्ही तिघं त्या चक्राकडे बघत बसलो. सत्तारचाचांना वाटलं हाच कार्यक्रम. “अच्छा है,” ते म्हणाले, “लेकिन इसमें आदमी कब आते?”

दुसरा मार्ग विलासने काढला. “दादा, पेन ड्राइव्हमधी भरून आणतो. टीव्हीला लावला की एकदम एचडी. रेंजचा प्रश्नच न्हाई.” मी त्याची पाठ थोपटली. काकू रात्री जेवणार म्हणून सुनीताने भाकरीचं पीठसुद्धा काढलं. पण तात्यांनी हात वर केला.

“त्यात भरलेलं म्हंजे कधीचं?”

“मागच्या आठवड्यातलं असंल,” विलास म्हणाला.

“म्हंजे शिळं.”

“तात्या, टीव्हीत शिळं-ताजं नसतं,” मी म्हणालो.

“काहून नसतं? गेलेल्या माणसाला शिळ्याचा निवद दाखवतेत का? तुझ्या घरी दाखवत असतील. आपल्यात चालत न्हाई. जे आत्ता चालू हाय तेच पाहिजे. बिलकुल ताजं.”

मी विज्ञानाचा मास्तर आहे हे मला तेव्हाच आठवायला नको होतं, पण आठवलं. “तात्या, ताजंसुद्धा वर उपग्रहावर जातं आणि मग खाली येतं. म्हणजे ते पण थोडं शिळंच झालं की!”

तात्यांनी विचार केला. “ते दुधावाणी हाय. डेअरीतून घरी येऊस्तोवर थोडं गार होणारच. त्याला कुणी शिळं म्हणत न्हाई.”

भावकीने माना डोलावल्या. पेन ड्राइव्ह बाद! मी म्हणालो, बरं, निदान एचडीचा हट्ट सोडा, साधं चॅनेल सोपं जाईल. तर तात्या म्हणाले, “वचनात एचडी हाय.”

“एचडी म्हणजे काय माहिती आहे का तुम्हाला?”

“मला माहीत असायची गरज न्हाई. कावळ्याला माहीत होतं.”

राहिला एकच मार्ग, डिशची छत्री. गावात एचडीवाली छत्री एकच होती आणि ती माझ्या घराच्या गच्चीवर होती. मी ती काढायला लागलो तेव्हा सुनीता खाली उभी राहून बघत होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

तीर्थपुरीच्या डिशवाल्याला फोन लावला. “सर, छत्री कशावर बसवायचीय?”

“नावेवर.”

त्याने “नावेवर?” असं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तो म्हणाला, “सर, छत्री बोटभर हलली तर चित्र जातं. नाव तर वाऱ्यावर फिरती. मी येत न्हाई. मला पोहता बी येत न्हाई.” आणि त्याने फोन ठेवला. (पुढचे दोन फोन त्याने उचलले नाहीत. शहाणा माणूस!)

सकाळी आम्ही काकूच्याच घरातला टीव्ही भिंतीवरून उतरवला, गोधडीत गुंडाळला आणि भावकीतल्या चौघांच्या खांद्यावर देऊन नदीकडे निघालो. पुढे मी छत्री घेऊन, मागे विलास ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन, त्याच्या मागे तात्या. वाटेत शेताला निघालेल्या एका म्हातारीने डोक्यावरचं ओझं खाली ठेवून हात जोडले. “अप्पाच्या मागं टीव्ही बी सोडून राह्यले का रं नदीत? लै जीव असंल त्याचा!” आम्ही नाही म्हणालो नाही. खरं काय ते सांगणं जास्त अवघड होतं.

नावेच्या एका टोकाला बांबूवर छत्री बांधली, मधे टीव्ही, त्याच्या पायाशी बॅटरी आणि इन्व्हर्टर. दुसऱ्या टोकाला वजन म्हणून तात्यांना बसवलं. मधल्या धारेत गेलो. मी छत्री दक्षिणेकडे, जरा आग्नेयेला कलती केली आणि काय सांगू, चित्र आलं! एक बाई हसत होती. तिचे दात मोजता आले असते इतकं स्वच्छ चित्र! आम्ही ओरडलो. त्या ओरडण्याने नाव हलली आणि बाई गेली.

“चाचा, नाव डावीकडे घ्या!”

“तुम्हारी डावी के मेरी डावी?”

“कुणाचीही! घ्या!”

नाव फिरली. मी छत्री उलटी फिरवली. तोवर नाव परत आली. पडद्यावर चौकोन, मग निळं, मग ‘सिग्नल उपलब्ध नाही’. काठावर भावकी उभी राहून हातवारे करत होती. “वर! वर घ्या! खाली!” सत्तारचाचा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “मास्टर, ये नाव है, टेबल नै. इसकू खडा कैसा करू?” तेवढ्यात काठावरच्या कुणाला तरी उत्तर द्यायला तात्या उठून उभे राहिले. वजनच उठल्यावर काय होणार! नाव कलंडली, बॅटरी सरकली, इन्व्हर्टर ठिणग्या टाकत पाण्यात गेला आणि त्याच्यामागे तात्या गेले. “बुडालो रे!” ते ओरडले. चाचांनी त्यांना धोतराला धरून वर ओढलं. मी मात्र टीव्हीला मिठी मारून बसलो होतो. एका दहाव्याच्या पायी दुसरा दहावा घालायची आमची तयारी झाली होती.

चिंब होऊन काठावर आलो तर घराकडून सुनीताचा फोन. इथे बरी रेंज आली! “लवकर या. काकू उठत नाहीत.”

मी आयुष्यात इतका पळालो नसेन. घरात पोचलो तर काकू भिंतीला टेकून कलली होती, अंगाला घाम, डोळे अर्धे मिटलेले. सुनीता तिच्या गालाच्या आत गूळ चोळत होती आणि नाव घेऊन हाका मारत होती. विलास तिचे पाय धरून बसला. “आई, म्या आत्ताच बाप घालवलाय. तू तरी असं करू नको, आई.” तो पुण्याचं सगळं विसरून रडत होता. मी दारात उभा होतो, अंगावरून पाणी निथळत होतं, आणि मला एकच गोष्ट कळत होती. हिला काही झालं तर ते माझ्या एका शब्दापायी.

हळूहळू काकूने डोळे उघडले. गूळ गिळला. सुनीताने दुधाचा पेला पुढे केला, तो तिने घोटभर घेतला आणि बाजूला सारला. “लागला का टीव्ही?”

विलासने मान खाली घातली.

“लावा,” ती म्हणाली. “मंग जेवते. आन् मी बी येते नावंत.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काकू लग्न होऊन नदीकाठच्या या गावात आली, पण नावेत तिने कधी पाय ठेवला नव्हता. बागेचं बेट झाल्यापासून तिने बागही पाहिली नव्हती. तात्या “बाईमाणूस नावंत कशाला” म्हणायला गेले, पण त्यांच्या अंगावर अजून कोरडं धोतरसुद्धा नीट बसलं नव्हतं, म्हणून ते गप्प झाले.

मार्ग शेवटी सत्तारचाचांनी काढला. बेटाच्या अलीकडे, ऐन मधल्या धारेत, पाण्याखाली एक खडकाचा उंचवटा आहे. तिथे पाणी छातीएवढंच. छत्री तिथे उभी केली आणि नाव शेजारी दोन्हीकडून पाण्यात सोडलेल्या दगडांना बांधली की नाव हलली तरी छत्री हलायची नाही. आम्ही बांबूची तीन पायांची तिकाटी नेली. ती खडकावरून घसरली. बाजूच्या गाळात रोवली तर खचत खचत दिसेनाशी झाली. छत्री हातात घेऊन मी नावेत बसलो होतो. चाचा पाण्याकडे बघत म्हणाले, “बांबू नै ठैरता. आदमी ठैरता.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मीच का?” मी विचारलं.

“दिशा तुलाच कळती,” तात्या म्हणाले. “आन् वचन बी तुझंच हाय.”

ते दिवस थंडीचे. मी सदरा काढून पाण्यात उतरलो. दातावर दात वाजले. चाचांनी डोक्यावर टॉवेलाची चुंबळ ठेवली, तिच्यावर छत्री, आणि मी दोन्ही हातांनी तिच्या कडा धरून आग्नेयेकडे तोंड करून उभा राहिलो. वायर माझ्या पाठीवरून नावेत गेली. नाव माझ्या मागे. म्हणजे टीव्ही माझ्या मागे. मान वळवायची सोय नव्हती.

चाचांनी काकूला आणलं. ती नावेत बसताना काय झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. बांगड्या पत्र्यावर वाजल्या. “चाचा, धरा हो! हलून राह्यली!” सुनीता म्हणाली, “काकू, माझा हात घट्ट धरा.” मग बराच वेळ नुसता काकूचा श्वास ऐकू येत होता. मग विलासने शेजारच्या गावातून मागून आणलेल्या इन्व्हर्टरचं बटण दाबलं.

“आलं!” तो ओरडला. “दादा, आलं! हलू नको! बाप रे, काय चित्र आलंय!”

“कसं आलंय?” मी समोरच्या रिकाम्या नदीला विचारलं.

“एकदम काचेवाणी!” तात्या म्हणाले. “मास्तर, मानलं तुला. लावा, भजन लावा.”

“अप्पांला मॅच आवडायची,” विलास म्हणाला.

“माझी मालिका लावा,” काकू म्हणाली.

तात्यांचा आवाज खाली आला. “सरू, अगं नवरा जाऊन दहा दिस झाले. आन् ह्या वक्ताला तुझी मालिका लागती तरी का? ती रातची असती.”

“कालचा भाग दुपारी परत लागतो.”

“म्हंजे शिळा!” तात्या जवळजवळ उभेच राहणार होते. तिघांनी त्यांना खाली दाबल्याचा आवाज आला.

“शिळा तर शिळा,” काकू म्हणाली. “त्यांनी जन्मभर माझ्या हातचं शिळं गोड मानून खाल्लं.”

विलासने मालिका लावली. संगीत सुरू झालं. आणि त्या संगीतात, कुणी काही विचारलेलं नसताना, काकू बोलायला लागली.

“त्यांला टीव्ही कुठं बघायचा होता? बाग बेटावर गेली तवापासून रोज म्हणायचे, चल गं, एकदा नावंत बस, मोसंबी कशी आलीय बघून ये. मला पाण्याचं भेव. पण भेव वाटतं म्हणायची लाज वाटायची. मंग म्या म्हणलं, तुमच्या नावंत टीव्ही हाय का? माझी मालिका बुडती. टीव्ही लावा, मंग येते. चिडवायला म्हणलं रे. त्यांनी खरं धरलं. तवापासून जो भेटंल त्याला विचारत राह्यले.” थोडं थांबून ती म्हणाली, “कावळा कशावर शिवला ते मला तिथंच कळलं.”

मी समोर बघत होतो. समोर बेट होतं आणि बेटावर अप्पांची बाग. झाडं पिवळ्या मोसंब्यांनी वाकली होती. अप्पांचा तो प्रश्न माझ्या कानात वाजायला लागला. ‘ते सोड. लागतो का तेवढं सांग.’ एवढं सोपं विचारत होते ते, आणि मी ‘बघू’ म्हणत होतो. मला रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. नाक पुसायलाही नव्हते. मी दात आवळले, पण खांदे काही ऐकेनात.

“दादा, हलू नको! चित्र फुटून राह्यलं!” विलास ओरडला.

“मास्तर,” काकू मागून म्हणाली, एकदम मऊ आवाजात, “रडू नको रे बाबा. दिसंना गेलं.”

मी रडू थांबवलं. माझ्या आयुष्यात कुणी मला इतक्या प्रेमाने आणि इतक्या स्वार्थाने समजावलं नसेल.

मालिका संपत आली तेव्हा सुनीताने डबा उघडला. पिठल्याचा वास पाण्यावरून माझ्यापर्यंत आला. काकूने पहिला घास नदीत सोडला. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला, आणि मग ती जेवत असल्याचा. विलास हुंदके देत होता आणि मधेच “आई, अजून अर्धी घे” म्हणत होता. मी थंडीने बधिर झालो होतो, पायाला मासे टोचत होते, पण मला तेव्हा जगात काही कमी नव्हतं. जेवण झाल्यावर काकू म्हणाली, “चाचा, आता बागंकडं घ्या नाव. आल्यासारखं बघूनच जाते.”

तेवढ्यात माझ्या डोक्यावर काहीतरी दाणकन बसलं. छत्रीवर नख्या खरखरल्या. मागे संगीत बंद पडलं.

“दादा,” विलास हळूच म्हणाला, “कावळा.”

“शिवला!” तात्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि पत्र्यावरच्या हालचालीवरून मला कळलं की सवयीने सगळ्यांनी हात जोडलेत. मग तात्यांच्या ध्यानात आलं. “अरारा! जित्या माणसाच्या डोक्याला कावळा शिवला. मास्तरची शांती करावी लागंल.”

शांती झाली. तापाने मी अंथरुणाला खिळलो होतो, म्हणून ती माझ्या खाटेभोवतीच झाली. आज काकू चाचांबरोबर आठवड्यातून दोनदा बागेत जाते, टीव्हीशिवाय जाते. आणि आमच्या भावकीत कावळा शिवलेला जिवंत माणूस मी एकटाच आहे. अप्पांच्या वेळी सगळ्यांनी पुढे होऊन हात जोडून, काकुळतीला येऊन इच्छा विचारली. मला कुणीच विचारली नाही. विचारली असती तर फार मोठी नव्हती. एकदा मान वळवून एचडी कसं दिसतं तेवढं बघायचं होतं.